खंड्याचें बिऱ्हाड

घर सोडून जातांना माणूस मागें काय काय टाकून जातो याची यादी कोणी केली असल्यास ती आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु २०२४ च्या मे महिन्यांत सदाशिव पेठेंतील आमचा वाडा रिकामा करतांना अशी एक यादी आम्हांस स्वहस्तें करावी लागली. तांब्याचा बंब, दोन पाटे, एक जातें, तीन पायांची खुर्ची, वडिलांच्या वेळचीं चाळीस वर्षांचीं पंचांगें, आजोबांची काठी, आणि कोणाच्या मुंजींत आलें होतें हें कोणासच न आठवणारें पितळी तबक, असा तो संसार होता. बंब वजनावर गेला, जातें एका हौशी गृहस्थांनीं बागेंत ठेवावयास नेलें, पंचांगें रद्दींत पडलीं, काठी थोरल्या बंधूंनीं हातांत घेतली ती पुन्हां खालीं ठेवलीच नाहीं. पंधरा दिवसांत साऱ्यांची कांहीं ना कांहीं सोय लागली. लागेना ती एकाची. त्याचें नांव यादींत लिहिण्याचें धैर्य कोणासच झालें नाहीं, म्हणून तो यादीबाहेर राहिला. तो म्हणजे आमचा खंड्या.

आमचें घर म्हणजे चौदा माणसें, तीन चुली आणि एक कुत्रा. वाडा शंभरी गांठलेला. अलीकडे पावसाळा आला कीं माजघराची मागील भिंत फुगूं लागे, आणि रात्रीं माती गळल्याचा आवाज झाला कीं आम्ही तिघे भाऊ तीन खोल्यांतून एकाच वेळीं खोकत असूं. म्हणजे सर्व जागे आहेत हें एकमेकांस कळे. तेव्हां वाडा पाडावा, त्या जागीं इमारत उठावी, तिच्यांत प्रत्येकास फ्लॅट मिळावा, व तोंवरचीं तीन वर्षें भाड्याच्या जागेंत काढावीं, असा करार झाला. करार सव्वीस पानांचा होता. नळाच्या तोट्या कोणत्या बनावटीच्या असाव्या हेंही त्यांत होतें. कुत्र्याचा उल्लेख नव्हता. वकिलास तरी दोष कां द्यावा? त्यांनीं घरांतील माणसांचीं नांवें मागितलीं, आम्हीं माणसांचीं दिलीं.

खंड्या आमच्याकडे आला तो २०१२ च्या डिसेंबरांत, चंपाषष्ठीच्या दिवशीं. आमचें कुलदैवत खंडोबा. त्या दिवशीं वांग्याचें भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य होतो, तळी भरतात, आणि कुत्रें हें खंडोबाचें म्हणून त्यालाही घांस घालतात. आमची आत्या दिंडीदरवाजाशीं रोडग्याचा तुकडा घेऊन उभी होती. एरवीं गल्लींतलें एखादें मस्तवाल कुत्रें येऊन तो घांस उचली. त्या वर्षीं ओंजळींत मावेल एवढें, पिंवळट रंगाचें, एक कान पडलेलें पिलूं आलें. त्यानें रोडगा खाल्ला, आणि पुढें जावें कोठें हें न सुचून तें उंबरठ्यावरच निजलें. “देवाचा आहे, निजूं दे,” एवढेंच आत्या म्हणाली. तेवढ्या शब्दांच्या बळावर तो साडेअकरा वर्षें राहिला.

येथें आत्याविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. ती लग्नानंतर चार वर्षांतच माहेरीं परत आली, आणि आमच्या तिन्ही पिढ्यांचीं बाळंतपणें व आजारपणें तिनें काढलीं. वय चौऱ्यायशीं. सोवळें कडक. खंड्यानें चौक ओलांडावयाचा नाहीं, हा तिचा दंडक त्यास कोणीं शिकविला हें आम्हांस ठाऊक नाहीं. पण पडवी संपून माजघर जेथें सुरू होई त्या उंबरठ्यावर पुढचे दोन पाय टेकून तो आंत पाहत बसे, आणि मागचे दोन पाय पडवींत राहत. ‘अर्धा आंत, अर्धा बाहेर, आमच्या धाकट्याच्या सुधारकपणासारखा,’ अशी थोरल्या बंधूंची त्यावर टीका असे. आत्यानें साडेअकरा वर्षांत खंड्यास एकदांही हात लावला नाहीं, आणि साडेअकरा वर्षांत त्याला घातल्यावांचून ती एकदांही जेवली नाहीं. घरांतून वैश्वदेव केव्हांच गेला. पण पानांत पहिला भात पडला कीं कावळ्याचा एक व कुत्र्याचा एक असे दोन घांस बाजूस निघालेच पाहिजेत. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसांत कशा नांदतात याचा खुलासा आम्हांस करतां येणार नाहीं. खंड्यानें तो कधीं मागितला नाहीं.

त्याचे गुण वर्णावे असें फारसें कांहीं नाहीं. चोर त्यानें एकही पकडला नाहीं. उलट गॅसवाल्यावर तो नेमानें भुंके व भुरट्या भिक्षेकऱ्यापुढें शेंपूट हलवी. २०२० च्या टाळेबंदींत मात्र त्याची खरी योग्यता दिसली. घरांतलीं वडील माणसें वरच्या खोल्यांत अडकलेलीं, मुलें आपापल्या यंत्रांपुढें बसलेलीं. त्या दिवसांत चौदा जणांस रोज सकाळीं भेटून येणारा असा घरांत तो एकटाच होता. खालून वर, वरून खालीं, प्रत्येकाच्या दारापाशीं घटकाभर बसून तो पुढें जाई. वर्तमानपत्र बंद होतें, तो चालू होता.

कुत्र्याचें एक वर्ष म्हणजे माणसाचीं सात, हा हिशेब सर्वांच्या तोंडीं आहे. जनावरांच्या डॉक्टरांनीं आम्हांस सांगितलें कीं तो ढोबळ आहे. पहिल्या दोन वर्षांतच कुत्रें तारुण्यांत येतें, पुढें तें सावकाश म्हातारें होतें, आणि मोठ्या अंगाचीं कुत्रीं लहान अंगाच्या कुत्र्यांपेक्षां लौकर थकतात. खंड्या मध्यम अंगाचा. दहावें संपल्यावर त्याचे मागचे पाय उठतांना थरथरूं लागले. डोळ्यांत निळसर धूसरपणा आला. दोन दाढा पडल्या, तेव्हां आत्या भाकरी ताकांत कुसकरून घालूं लागली. ऐकूं कमी येऊं लागलें असावें, कारण गॅसवाला बिनबोभाट येऊन जाऊं लागला. सांध्यांचा आजार आहे, जिने चढूं देऊं नका, असें डॉक्टरांनीं बजावलें. वाड्यांत त्याला जिना चढण्याचें कारणच राहिलें नव्हतें. सर्वजण खालीं उतरून त्याच्याकडे येत.

आणि आतां जिन्याचा प्रश्न आला. थोरले बंधु व वहिनी मुलाकडे गेलीं. तेथें सातवा मजला, आणि नातवाला दमा; डॉक्टरांनीं उशाशीं कापसाची उशीसुद्धां ठेवूं नका म्हणून सांगितलेलें. धाकट्याच्या घरीं नवराबायको दोघेंही सकाळीं आठाला बाहेर पडतात तीं सातला येतात. म्हाताऱ्या कुत्र्यास अकरा तास कोंडून ठेवणें म्हणजे त्याला घर देणें नव्हे, एवढें आम्हांसही कळत होतें. राहिलों आम्ही. आत्या आमच्याबरोबर असल्यामुळें खंड्याही आमच्याबरोबर, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. आम्हींही धरलें होतें. आम्हीं एकोणीस जागा पाहिल्या. सोसायट्यांना पाळीव जनावरांवर सरसकट बंदी घालतां येत नाहीं, असें भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें २०१५ मध्यें आपल्या सूचनांत म्हटलें आहे; तो कागद आम्ही छापून खिशांत बाळगीत असूं. परंतु कागद दाखवावयाचा सोसायटीस, आणि नाहीं म्हणावयाचें घरमालकानें. एका मालकांनीं तर, “तुम्ही चितळ्यांचें दूध घेतां कीं कात्रजचें?” येथपर्यंत आपुलकीनें चौकशी केली, आणि कुत्र्याचें नांव निघतांच किल्ली खिशांत घातली. शेवटीं मिळालेली जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत. मालकांची अट एकच होती, आणि ती कोणती हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

सल्ले पुष्कळ मिळाले. शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं सांगितलें, “पेठेंतच राहूं द्या त्याला. गल्लींतलीं कुत्रीं आहेतच कीं, राहील त्यांच्यांत.” गल्लींतल्या कुत्र्यांचें राज्य कसें चालतें हें ज्यानें रात्रीं खिडकींतून पाहिलें आहे तो असें म्हणणार नाहीं. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली. त्या हद्दींत दांत पडलेला, पाय थरथरणारा, उंबरठ्यावर बसून बारा वर्षें भात खाल्लेला परका म्हातारा चार दिवस टिकता ना. शिवाय जनावर उपाशी-तहानलेलें पडेल अशा स्थितींत त्याला टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा ठरविला आहे. पहिल्या गुन्ह्यास त्या कायद्यांत दंड लिहिला तो दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. आमच्या पुतण्यानें हा आंकडा मोठ्यानें वाचला, तेव्हां क्षणभर कोणी कोणाकडे पाहिलें नाहीं. दुसऱ्या कोणीं महापालिकेची गाडी सुचविली. ती गाडी कुत्र्यांस नेते ती २००१ च्या व पुढें २०२३ च्या नियमांप्रमाणें शस्त्रक्रिया करून, लस टोंचून, पुन्हां उचलल्या ठिकाणींच सोडण्यासाठीं. म्हाताऱ्यांचा सांभाळ करणें हें तिचें कामच नव्हे. एका स्नेह्यांनीं अगदीं हलक्या आवाजांत सुईची गोष्ट काढली. आम्हीं ती डॉक्टरांपुढें काढली, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. डॉक्टरांनीं कांहीं न बोलतां खंड्यापुढें एक बिस्किट धरलें. तें त्यानें तत्काळ खाल्लें व दुसऱ्यासाठीं मान वर केली. “ज्याची भूक शाबूत आहे त्याच्यासाठीं माझ्याकडे ती सुई नाहीं,” असें म्हणून त्यांनीं सांध्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वजन वाढूं न देण्याचा उपदेश केला. तो उपदेश खंड्यास होता कीं आम्हांस, हें विचारण्याचें आम्हीं टाळलें.

थोरले बंधु संस्कृताचे अध्यापक होते. त्यांनीं एका संध्याकाळीं आम्हां सर्वांस पडवींत बसवून महाप्रस्थानिक पर्वाची कथा सांगितली. पांडव हिमालयाकडे निघाले. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम असें एकेक माणूस वाटेंत पडलें. धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत राहिलें तें एक कुत्रें. इंद्र रथ घेऊन आला. कुत्र्यास सोडून रथांत चढ, म्हणाला. आश्रितास सोडणें हें ब्रह्महत्येइतकें पाप आहे, त्याच्यावांचून मला स्वर्ग नको, असें युधिष्ठिरानें उत्तर दिलें. आणि तें कुत्रें म्हणजे साक्षात् धर्म निघाला. बंधूंची वाणी अजून खणखणीत आहे. कथा संपतांना त्यांचे डोळे भरून आले, आमचेही आले. त्या शांततेंत आमची मंडळी निवडत असलेल्या तांदुळांवरून मान वर न करतां म्हणाली, “पण भाऊजी, धर्मराजाला त्याआधीं बायको आणि चार भाऊ वाटेंत सोडावे लागले होते.” बंधु त्यानंतर दोन दिवस कुत्र्याविषयीं बोलले नाहींत.

पांजरपोळ हा शब्द प्रथम आत्याच्या तोंडून निघाला. पांजरपोळ म्हटलें कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें लंगड्या गाई उभ्या राहतात. वस्तुतः मुंबईची पांजरपोळ जन्मास आली ती कुत्र्यांपायीं. १८३२ सालीं इंग्रज सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा सपाटा चालविला, मारणाऱ्यांस बक्षिसें लावलीं. कुत्र्यास पवित्र मानणाऱ्या पारशांस तें सहन झालें नाहीं. जून महिन्यांत कोटांत दंगा उसळला, शिपायांस मार बसला, दुकानें बंद पडलीं. त्यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ मध्यें, जमशेटजी जीजीभाई व त्यांच्यासारख्या इतर धनिकांच्या पुढाकारानें पांजरपोळ उभी राहिली. बेवारशी कुत्र्यास मारण्यापेक्षां नेऊन ठेवावें, ही कल्पना आमच्याकडे कालपरवां साहेबाकडून आलेली नाहीं. साहेबाशीं भांडून मिळविलेली आहे. हें सर्व आम्हीं घरांत मोठ्या उत्साहानें सांगितलें. आत्यानें ऐकून घेतलें, आणि विचारलें, “तिथें भात देतात का?”

पुण्यापासून दीड तासाच्या वाटेवर, आजचीं मुलें ज्याला शेल्टर म्हणतात असें एक ठिकाण आहे. आमच्या घरांत त्याचें नांव ‘आश्रम’ असें पडलें. दोन-अडीच एकर माळ, कडेनें सुबाभूळ, पत्र्याच्या लांबट शेड, आणि जवळजवळ दोनशे कुत्रीं. आम्ही प्रथम खंड्याशिवाय पाहावयास गेलों. वास येईल म्हणून रुमाल घेऊन गेलों होतों, तो काढावा लागला नाहीं. फरशी धुतलेली होती. तीन पायांचीं, एका डोळ्याचीं, पाठ मोडल्यामुळें चाकाच्या गाडीवर मागचें अंग ठेवून पळणारीं, अशीं कुत्रीं आम्हांस पाहून कुंपणापाशीं आलीं. व्यवस्था पाहणाऱ्या बाई वयानें आमच्या मुलीएवढ्या. त्यांनीं आम्हांस खुर्ची दिली, पाणी दिलें, सर्व ऐकून घेतलें, आणि ‘नाहीं’ म्हणून सांगितलें.

“आमच्याकडे जागा आहे ती ज्यांना घर नव्हतेंच त्यांच्यासाठीं,” त्या म्हणाल्या. “दर आठवड्याला आठ-दहा फोन येतात. बदली झाली, बाळ झालें, घर बदललें. सगळ्यांचीं कारणें खरीं असतात. आम्ही सगळ्यांना घेऊं लागलों तर रस्त्यावर चिरडलेल्याला ठेवायचें कुठें?” आवाजांत राग नव्हता. राग असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

त्यांनीं एक महिना प्रयत्न करण्यास सांगितलें. खंड्याचें छायाचित्र मोबाइलवरून चहूंकडे गेलें. पिलूं असतें तर पहिल्या दिवशींच दहा घरें पुढें आलीं असतीं. बारावें लागलेल्या कुत्र्यासाठीं महिनाभरांत दोनच विचारणा आल्या. एकानें शेतावर राखणीस पाहिजे म्हणून विचारलें व वय ऐकून फोन ठेवला. दुसऱ्या एक वृद्ध बाई होत्या. त्यांना खरोखरच तो हवा होता, पण त्यांच्या मुलानें दुसऱ्या दिवशीं फोन करून, आईचें स्वतःचेंच कोणी पाहावयास नाहीं, असें कळविलें. महिना संपला तेव्हां आश्रमाच्या बाई म्हणाल्या, “घेऊन या. रस्त्यावर तो आठवडा काढायचा नाहीं.”

मग चौकशा सुरू झाल्या. कोणत्या हांकेस येतो? फटाक्यांस भितो का? खातांना कोणी जवळ आल्यास गुरगुरतो का? कधीं कोणास चावला आहे का? रात्रीं कितीदां उठतो? पिसाळण्याची लस शेवटची कधीं टोंचली? गोचीडताप झाला होता का? खाजवून घेणें आवडतें तें कोठें? आम्हांस आमच्या मुलीच्या लग्नाच्या वेळीं व्याह्यांनीं याच्या निम्म्याही चौकशा केल्या नव्हत्या. कित्येक उत्तरें आम्हांस येत नव्हतीं, तीं मंडळीस येत होतीं. कांहीं तिलाही येत नव्हतीं, तीं फोनवरून धाकट्या पुतणीनें सांगितलीं. डाव्या कानामागें, असें ती म्हणाली. पडलेल्या कानामागें.

शेवटीं एक फॉर्म आला. नांव, वय, रंग, औषधें, दरमहा खर्चासाठीं आपण काय देणार, येथपर्यंत लेखणी अडली नाहीं. खालीं एक रकाना होता: ‘देण्याचें कारण’. आम्हीं त्यांत लिहिलें, ‘सोयीची जागा न मिळाल्यामुळें.’ लिहून झालें आणि ‘सोयीची’ या शब्दावर आमचे डोळे खिळले.

कारण एकोणीस जागा पाहिल्या असें जें आम्हीं वर म्हटलें आहे, त्यांतली चौदावी तळमजल्यावर होती. सिंहगड रस्त्यानें बरेंच पुढें, पुढें लहानसें अंगण, दारांत प्राजक्त. आणि मालकांनीं स्वतःच दोन कुत्रीं पाळलेलीं असल्यामुळें त्यांची कांहींच हरकत नव्हती. भाडेंही परवडणारें होतें. ती जागा आम्हीं नाकारली. घरीं येऊन सांगितलें कीं तेथें पाण्याची ओरड आहे, आत्याच्या डॉक्टरांपासून लांब पडतें. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण पाण्याची ओरड कोठें नसते, आणि डॉक्टर तर रिक्षानें अर्ध्या तासावर होते. न सांगितलेली गोष्ट अशी कीं तेथून आमचें वाचनालय लांब पडलें असतें, संध्याकाळची सारसबागेची बैठक सुटली असती, आणि जन्मभर पेठेंत राहिलेल्या माणसास भाजी आणावयासही वाहन लागावें ही कल्पना आम्हांस सोसवली नाहीं. तीन वर्षांचा प्रश्न होता. आमच्या सत्तरीच्या आयुष्यांतलीं तीन वर्षें, आणि खंड्याच्या बाकी राहिलेल्या आयुष्यांतलीं सगळीं.

हें आम्हीं त्या दिवशींही मंडळीस सांगितलें नाहीं. तिनें फॉर्म वाचला, आमच्याकडे पाहिलें, आणि इतकेंच म्हटलें, “अक्षर आज वांकडें आलें आहे तुमचें.” ती जागा पाहावयास ती आमच्याबरोबर आली होती, हें येथें नमूद केलें पाहिजे.

न्यावयाचा दिवस गुरुवार होता. वाडा जवळजवळ रिकामा झालेला. हांक मारली कीं भिंती उत्तर देत. बाईंनीं सांगितल्याप्रमाणें त्याचें जुनें घोंगडें न धुतां बरोबर घेतलें, कारण वास हाच कुत्र्याचा सातबारा. गोळ्या, लसीचें पुस्तक, ताटली. धाकट्यानें मोटार दाराशीं आणली. खंड्यास मोटारींत बसण्याची हौस होती. एरवीं ती डॉक्टरांकडे जाणारी असे, तरी तो प्रत्येक वेळीं नव्या आशेनें बसे. त्या दिवशीं मागचे पाय उचलेनात. आम्ही वांकून त्यास उचलणार तोंच आत्या दिंडीदरवाजांतून बाहेर आली. अंगावर सोंवळ्याचें लुगडें होतें. पूजा व्हावयाची होती. तिनें खालीं वांकून दोन्ही हातांनीं त्याचें तोंड धरलें. किती वेळ धरलें तें आम्हीं मोजलें नाहीं. खंड्या हलला नाहीं. इतक्या वर्षांत ज्या हातानें घांस घातला त्या हाताचा स्पर्श कसा असतो हें त्यास पहिल्यानेंच कळत होतें. मग ती आंत गेली आणि तिनें डोक्यावरून स्नान केलें. न्हाणींतून तांब्याचा आवाज आम्हांस बाहेर ऐकूं येत होता.

नव्या कुत्र्यास आश्रमांत पहिले पंधरा दिवस निराळें ठेवतात. त्याच्याकडून इतरांस किंवा इतरांकडून त्यास रोग लागूं नये म्हणून. त्या मुदतींत आम्हीं येऊं नये, अशी बाईंनीं विनंति केली. आपण दिसून पुन्हां नाहींसे झालों कीं त्याची घडी बसत नाहीं, म्हणाल्या. पहिले दोन दिवस त्यानें कांहीं खाल्लें नाहीं. तिसऱ्या दिवशीं पाणी प्यायला. आम्ही दिवसांतून तीनदां फोन करीत असूं, आणि तिकडून न कंटाळतां उत्तर मिळे. आत्यानें ते दोन दिवस दूध घेतलें, भात घेतला नाहीं. पोट बरें नाहीं, म्हणाली. चौथ्या दिवशीं सकाळीं तेथील कामवाल्या मावशींनीं त्याला ताकांत कुसकरलेली भाकरी घातली, आणि तो जेवला. ही युक्ति बाईंच्या फॉर्मांतून त्यांना कळली होती. त्या फॉर्मांत आमच्या हातून एक गोष्ट तरी बरोबर लिहिली गेली होती.

त्यानंतर आम्ही दर शनिवारीं जाऊं लागलों. आरंभीं खंड्या आम्हांस पाहून रडे. भुंकणें नव्हे, नाकांतून निघणारा तो बारीक सूर. परत निघतांना कुंपणाशीं उभा राहून तो आमच्या मोटारीकडे पाही, आणि गाडी वळेपर्यंत आम्ही कोणी बोलत नसूं. पुढें पुढें उभें राहणें कमी झालें. म्हाताऱ्या कुत्र्यांची तेथें निराळी शेड आहे. उतार केलेली, पायरी नसलेली, जमिनीवर पोत्यांच्या गाद्या. त्याच्या शेजारीं एक आंधळी कुत्री असते. ती त्याच्या घोंगड्यावर निजते व तो कडेला फरशीवर निजतो, असें मावशींनीं सांगितलें तेव्हां आमची मंडळी म्हणाली, “आमच्याकडचाच आहे.” दिवाळीच्या सुमारास एका शनिवारीं आम्ही गेलों, तर त्यानें मान उचलून पाहिलें, शेंपूट दोनदां आपटलें, आणि तो मावशींच्या मागें बादलीकडे निघून गेला. आम्हीं घरीं येऊन सांगितलें कीं तो रमला आहे. सांगतांना घसा कां बसावा हें आम्हांस समजलें नाहीं. हेंच व्हावें म्हणून तर आम्हीं सर्व खटपट केली होती.

त्या वर्षीं चंपाषष्ठी डिसेंबरांत नेमकी शनिवारीं आली. आत्यानें तिसऱ्या मजल्यावरील त्या परक्या स्वयंपाकघरांत गॅसवर रोडगा भाजला, वांगें भाजलें. भरतांत कांदा घातला नाहीं. कांदा-लसूण कुत्र्यांस बाधतो, त्यानें त्यांचें रक्त बिघडतें, असें बाईंनीं आम्हांस मागें सांगितलें होतें व आम्हीं तें तिला सांगितलें होतें. “मग इतकीं वर्षें ह्या दिवशीं मी त्याला काय घालत होतें?” असें म्हणून ती हातांतल्या वांग्याकडे बराच वेळ पाहत बसली. बाहेरचें खाणें आश्रमांत चालत नाहीं. एकास दिलें कीं दोनशे जणांची मारामारी होते. मावशींनीं खंड्यास कार्यालयामागें आणलें आणि स्वतः पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, म्हणजे नियम मोडलेला त्यांनीं पाहिला नाहीं. त्यानें रोडगा खाल्ला, भरीत खाल्लें, डबा कोपऱ्यांतून चाटला, आणि आपल्या शेडकडे गेला. नवीनच आलेला एक मुलगा झाडू थांबवून म्हणाला, “तुमचा होता का हा?”

“आमचा आहे,” आम्हीं म्हटलें.

घरीं आल्यावर आत्यानें डबा उघडून पाहिला. “हा धुतला कोणीं?” म्हणून तिनें विचारलें. त्यानेंच, असें आम्हीं सांगितलें. तिनें डबा राखेनें तीनदां घांसला आणि स्वयंपाकघराबाहेर, खिडकीच्या गजापाशीं पालथा ठेवला. तो अजून तेथेंच असतो. घरांत त्याला दुसऱ्या कशासाठीं कोणी हात लावीत नाहीं, शनिवारीं लागतो.